हळदीच्या पानावर

हरिपूरच्या वाटेला, चिंचांच्या डाव्या अंगाला,
जिथं आता ट्रकांची वजनं होतात
तिथं एक वर्ष दहा महिने
नाटकगृह होतं.

मला हे हारग्यांच्या खतावणीतून कळलं.
एकतीस वर्षं दिवाणजी होतो मी तिथं.
नाटकाचं वेगळं खातं कुणी काढलंच नव्हतं,
हळदीच्या पानावरच सगळं मांडलेलं :
राजापुरी, अकरा पोती.
पडद्यास मांजरपाट, साठ वार.
कडप्पा, चार पोती.
राणीच्या वेणीस केस, मिरजेहून, रुपये सव्वादोन.

बाकीचं नागू ऐवळेच्या नातवाकडून.
तो हमाल, आजाही हमाल.

त्या साली भाव चढला,
सात पेवं महिन्याभरात उपसली.
रिकाम्या पेवात नागू उतरला, तळाशी खोकला,
आणि वर चिंचेवरचे बगळे उठले.
सिदलिंगाप्पा हारगे काठावर पान लावत होते.
म्हणाले, खोकल्याचं हे, तर गाण्याचं काय होईल?

पाच पेवांवर सागवानी फळ्या पडल्या,
सहाव्यावर पायपेटी.
सातव्याचं तोंड उघडं ठेवलं प्रॉम्प्टरसाठी.
दाजी गुळवणी. शाळेतून काढलेला मास्तर.
लोण्याचं मडकं टांगावं तसा
दोरीच्या शिंक्यात बसायचा,
डोकं फळ्यांच्या खाली, मांडीवर वही,
वहीशेजारी मेणबत्ती.
तो कुजबुजला की पेव ते शब्द वर आणून द्यायचं,
नटाच्या तळपायातून.
विनायक फणसळकर, स्त्रीपार्टी,
सांगायचा म्हणे : मला ऐकू येत नाही,
मला टाचेत समजतं.

दुसऱ्या वर्षी
एजंटसाहेबाच्या कचेरीतून वही परत आली.
अकरा वाक्यं तांबड्या पेन्सिलीनं खोडलेली.
मंडळींनी ती गाळली.
पण गाळताना तेवढा वेळ
तोंड मिटून उभी राहायची.
पहिल्या रात्री लोकांना कळलं नाही.
तिसऱ्या रात्री कापडपेठेतलं कुणी तरी टाळी वाजवून गेलं.
पुढं पुढं तर
गाण्याला मिळत नसे इतका वन्समोअर
त्या गप्प राहण्याला.

श्रावणात कृष्णा आत आली, तीन दिवस राहिली, गेली.
पेवाच्या बुडाला पाला तसाच होता, भिजलेला.

हमालाच्या पोरालाही ठाऊक असतं :
आधी कंदील सोडायचा.
कंदील विझला तर माणूस सोडायचा नाही.
दाजीची मेणबत्ती विझली असेल.
ती नेहमीच विझायची, वाऱ्यानं, घामाच्या थेंबानं,
आणि त्याला सगळं पाठ होतं.

चौथा अंक. राणी पुढं आली,
हात अर्धा उचलला,
आणि थांबली.
टाचेत काही येईना.
किटसनची बत्ती सूं सूं करत होती.
लोकांना वाटलं, बारावं वाक्य.
टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात,
मागचे बाकावर चढले,
फेटे उडाले,
आणि विनायक खाली वाकून
फळ्यांना कान लावून
दाजी, दाजी म्हणतोय,
तेही लोकांना अभिनयच वाटला.

कचेरीचा माणूस दुसऱ्या रांगेत होता.
त्यानं काय लिहिलं, ते मी वाचलेलं नाही.
आठवड्यात परवाना गेला.

खतावणीत तारीख आहे :
गुळवणी यांचे घरी, रोख चाळीस.
हळद, दोन पोती.
खाली दुसऱ्या शाईत :
फळ्या विकल्या, सुतार भानुदास यास.
पायपेटी, कवठेमहांकाळच्या भजनी मंडळास, उधार.
पेवं पुन्हा भरली.

माझ्या डोळ्यांदेखत ती पेवं दोन हजार पाचच्या पुरात खचली.
वर मुरूम टाकला, काटा बसवला.
ट्रक चढला की जमीन जराशी हुंकारते.
ड्रायव्हर म्हणतात, स्प्रिंग बदला.

निवृत्तीच्या आधी, सवयीनं,
जुना हिशेब ताळ्याला लावून पाहिला.
पडदा सापडला, बत्त्या सापडल्या,
बाकं तर नगास नग.
सव्वादोन रुपयांची वेणी
कुठल्याच विक्रीत नाही.